शब्दांचा टीपी

झाडीपट्टीत प्रत्येक तालुक्याला एक तहसील कचेरी, एक बसस्थानक आणि एक व्युत्पत्तीवाले असतात. पहिली दोन सरकार मंजूर करते, तिसरे आपोआप उगवतात. ब्रह्मपुरीकडचे व्युत्पत्तीवाले शब्द दिसला रे दिसला की त्याला संस्कृतच्या दारात नेऊन उभा करतात. सिरोंच्याचे तोच शब्द गोदावरीपलीकडून, म्हणजे तेलुगूतून आला असे शपथेवर सांगतात. धानोऱ्याकडचे गोंडीशिवाय बोलत नाहीत. आणि मुलचेऱ्याच्या बाजूला निर्वासितांची बंगाली गावे वसवलेली असल्यामुळे तिथल्यांच्या भात्यात एक बाण जास्तीचा असतो.

आमच्या वाट्याला आले ते मूलचे. चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. मुख्यमंत्री झालेल्या मारोतराव कन्नमवारांचा हा मुलूख. शब्दांची मुळे उकरणाऱ्या माणसाने मूल गावी राहावे हा विनोद त्यांनी स्वतःच इतक्या वेळा केला आहे, की आता दुसऱ्या कोणाला तो करायची सोय उरलेली नाही. नवा माणूस भेटला आणि त्याने "आपण मूळचे कुठले?" असे विचारले, की चष्मा कपाळावर चढवून ते म्हणतात, "मूलचाच." मग समोरचा हसेपर्यंत थांबतात. गावाच्या नावाची व्युत्पत्ती मात्र त्यांनी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मुळाचे मूळ विचारू नये, असे त्यांचे धोरण आहे.

नाव सांगून उपयोग नाही, कारण सगळे त्यांना बाबूजीच म्हणतात. उभी नोकरी वनखात्याच्या लाकूड डेपोत गेली, काही बल्लारपूरला, काही आलापल्लीला. तिथल्या सागाचा त्यांना घरच्या लेकरासारखा अभिमान. दिल्लीच्या नव्या संसद भवनात चंद्रपूरचे सागवान लागले तेव्हा बाबूजींनी टपरीवर सर्वांना चहा पाजला. पाजता पाजता हेही सांगितले, की साग म्हणजे संस्कृतातला 'शाक', आणि इंग्रजांचा 'टीक' हा मल्याळममधल्या 'तेक्कू'वरून पोर्तुगिजांच्या तोंडून तिकडे गेलेला. "म्हणजे झाड आपलं आणि नाव केरळचं. आहे का नाही?" चहा फुकट असल्यामुळे कोणीही नाही म्हटले नाही.

डेपोत काम केलेल्या माणसाची नजर वेगळी असते. ओंडका आला की तो आधी त्याच्या तोंडावर हातोड्याचा शिक्का शोधतो. कोणत्या रेंजमधून आला, कोणत्या कूपात तुटला, सोबत वाहतूक परवाना म्हणजे टीपी आहे की नाही. शिक्का नाही, टीपी नाही, म्हणजे माल चोरीचा. बाबूजी निवृत्त झाले, डेपो सुटला, पण ही तपासणी सुटली नाही. ओंडक्यांच्या जागी शब्द आले एवढेच. टपरीवर एखाद्याच्या तोंडून शब्द पडला, की बाबूजींचा हात वर होतो. नाक्यावर ट्रक थांबावा तसे बोलणे थांबते. "हा कुठून आला?" असे ते विचारतात. बोलणाऱ्याला वाटते पाहुण्याविषयी विचारताहेत.

'कूप' या शब्दानेच त्यांना ही वाट लावली असे म्हणतात. जंगलाचा तोडणीसाठी आखलेला तुकडा म्हणजे कूप. खात्यात सगळे तसेच बोलतात. नव्याने रुजू झालेल्या एका संस्कृतप्रेमी पोराने कागद वाचला, की अमुक नंबरच्या कूपात मजूर उतरले असून पाऊस सुरू आहे. पोरगा धावत साहेबांकडे गेला, दोर पाठवायचा का म्हणून विचारायला. साहेब हसले, डेपो हसला, पण बाबूजी हसले नाहीत. ते घरी गेले आणि शोधत बसले. विहिरीचा कूप निराळा; हा फ्रेंच, तिकडच्या 'कापणे' या क्रियापदातून निघालेला, इंग्रजी वनशास्त्राच्या गाडीतून उतरून आमच्या जंगलात कायमचा राहिलेला. त्या दिवसापासून त्यांना खात्यातला प्रत्येक शब्द संशयित वाटू लागला.

आणि सर्वांत मोठा संशयित निघाला 'जंगल'. संस्कृतातला 'जाङ्गल' म्हणजे कोरडा, उजाड, झाडझाडोरा विरळ असलेला प्रदेश. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग झाडांनी झाकलेला, आणि त्याला आपण दिवसभर जे नाव देतो त्याचा मूळ अर्थ ओसाड! बाबूजींनी ही गोष्ट आलापल्लीच्या नाक्यावर एका वनरक्षकाला ऐन भरपावसात सांगितली. तो म्हणाला, "बाबूजी, हे साहेबाले नका सांगू. उद्या उजाड दाखवून तोडाले देतील."

त्यांची खोड ही, की वेळकाळ पाहत नाहीत. (खोड म्हणताच ते थांबवतील आणि सांगतील: जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे माणसाचे झाले, झाडाचे खोड मेल्यावरच डेपोत येते.) मोहाच्या हंगामात पहाटे टोपल्या घेऊन निघालेल्या बायकांना त्यांनी वाटेत उभे करून सांगितले आहे, की या मोहाचा षड्रिपूंतल्या मोहाशी काही संबंध नाही, हा 'मधूक', त्याचा 'महुअ' झाला, त्याचा मोह. एक म्हातारी म्हणाली, "फुलाचा नसंल बाप्पा. त्याच्या दारूचा हाय." बाबूजींनी हे वहीत लिहून घेतले. ते सगळे लिहून घेतात, त्यांच्या विरुद्ध असले तरी.

सिंदेवाहीच्या रस्त्यावर तर कहर झाला. भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून चालले होते. वळणावर वाघ. या बाजूला ही काही नवलाची गोष्ट नाही. धानाच्या बांधीत वाघ दिसल्याची बातमी महिन्याला दोनदा येते. भाच्याने गाडी थांबवली, इंजिन बंद पडले. वाघ रस्त्याच्या मधोमध मान वळवून उभा. बाबूजी भाच्याच्या कानात कुजबुजले, "व्याघ्र. वि, आ आणि घ्रा. विशेष रीतीने हुंगणारा असं जुने वैयाकरण सांगतात." भाचा म्हणाला, "मामाजी, तो हुंगूनच राह्यला ना." वाघाने दोघांना जाऊ दिले. भाच्याच्या मते त्याला कंटाळा आला असावा.

आता अशा माणसाला लोक नावे ठेवणारच. पण बाबूजींना नाव ठेवणे हे वाटते तितके सोपे नाही. कोणी काही म्हणाले, की ते रागावत नाहीत. शब्द घेऊन घरी जातात. खाकी कापडात गुंडाळलेला कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश आणि माधव जूलियनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश, या दोन बाडांमध्ये तो शब्द रात्रभर भिजत पडतो. सकाळी बाबूजी टपरीवर येतात ते सत्कार झाल्यासारखे.

बँकेतल्या साहेबांनी एकदा त्यांना तऱ्हेवाईक म्हटले. दुसऱ्या दिवशी निकाल आला: तऱ्हा ही अरबी 'तरह', म्हणजे रीत, प्रकार. "ज्याला काही तऱ्हा आहे तो तऱ्हेवाईक. तुम्हाला काहीच नाही, त्याला मी काय करू?" कोणी म्हणाले, काय नमुना आहे! 'नमुना' फारसी, दाखवण्यासाठी निवडलेला मासला. लिलावाच्या दिवशी ठेकेदारापुढे जो नग ठेवतात तो. वाईट नग नमुन्याला कोण ठेवतो? कोणी म्हणाले, यांची बोलायची लकबच तशी. बाबूजी फुलले. 'लकब' म्हणजे अरबीत पदवी, बिरुद. बगदादच्या खलिफा हारूनच्या नावापुढचे 'अल-रशीद' हा त्याचा लकब. आमच्याकडे येता येता बिरुदाची सवय झाली, एवढेच. छांदिष्ट म्हणावे तर पाणिनी वेदांनाच 'छंदस्' म्हणतो. म्हणजे तेही जमत नाही.

शाळेतल्या गुरुजींनी मग जड हत्यार काढले. म्हणाले, "बाबूजी, तुम्ही विक्षिप्त आहात." एक दिवस गेला, दोन गेले. टपरीला वाटले, घाव बसला. तिसऱ्या दिवशी बाबूजी योगसूत्रांवरचे व्यासभाष्य बगलेत मारून आले. चित्ताच्या पाच भूमी: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. "क्षिप्त म्हणजे सैरभैर, मूढ म्हणजे जड. त्या दोन्हींच्या वर विक्षिप्त. माझ्यापुढे आता दोनच पायऱ्या आहेत, गुरुजी. तुम्ही कोणत्या पायरीवर आहात ते मी विचारत नाही."

सर्वांत जास्त त्यांना आवडतो तो 'अवलिया'. अरबीत 'वली' म्हणजे देवाच्या जवळचा, साधुपुरुष. 'अवलिया' हे त्याचे अनेकवचन. एका माणसाला आपण अनेकवचनी साधू म्हणतो आणि समजतो की त्याची थट्टा केली. बाबूजींचा सिद्धांत असा, की आपल्या लोकांना चारचौघांपेक्षा वेगळा माणूस पाहिला की भीती वाटते, म्हणून ते त्याच्यासाठी परक्या मुलखातून एखादा भारी शब्द मागवतात. पुढे भीती जाते, शब्द राहतो आणि झिजून शिवी होतो. हा सिद्धांत खरा असो वा खोटा, त्यांच्यावर तो बरोबर बसतो. एकच शब्द त्यांच्या हाती लागलेला नाही: 'बह्याड'. तो घरून मिळालेला आहे, आणि त्याचा टीपी मागायची त्यांची छाती होत नाही.

एवढ्यावरून कोणी समजेल, की हा सगळा रिकामपणाचा उद्योग. तसे नाही. शब्दाचा अर्थ कोण ठरवतो यावर इथे माणसांची चूल पेटते की नाही हे ठरत होते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत, कायद्यात झाड. गवत कापणारा मजूर, झाड तोडणारा गुन्हेगार; सुपेटोपल्या विणणाऱ्या बुरुडाच्या हातातली काठी एकाच वेळी दोन्ही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घेतले आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तो शब्द घट्ट धरला. या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या टीपीवर बाबूजींच्या खात्याने पिढ्यान्‌पिढ्या सही केली, ती आता गाव करणार. १९२७ च्या व्याख्येतून बांबू बाहेर पडायला मात्र २०१७ उजाडले. तितकी वर्षे एक गवत सरकारदप्तरी झाड म्हणून उभे होते.

मेंढ्याची बातमी आली त्या दिवशी टपरीला वाटले, खात्याचा जुना माणूस चिडेल. बाबूजी म्हणाले, "आम्ही ओंडक्याचा टीपी पाहत बसलो. 'झाड' या शब्दाचा टीपी कोणी तपासलाच नाही." ते वाक्य मात्र कोणाच्याही हसण्यावारी गेले नाही.

पण हा शहाणपणा दुसरा व्युत्पत्तीवाला समोर येईपर्यंतच टिकतो. दिवाळी झाली, धान घरात आले, की आमच्याकडे नाटकांचा हंगाम उघडतो. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालये गजबजतात, गावोगाव मंडई आणि शंकरपट भरतात, आणि रात्री मंडपात पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. अशाच एका मंडपात बाबूजी आणि सिरोंच्याचे एक निवृत्त गृहस्थ शेजारी शेजारी बसले. पहिल्या अंकात दोघांची ओळख झाली. दुसऱ्या अंकात आलापल्ली आणि एटापल्ली या नावांतल्या 'पल्ली'वरून वाजले. सिरोंचेकर म्हणाले, पल्ली म्हणजे तेलुगूत गाव, यात बोलायचे काय? बाबूजी म्हणाले, संस्कृतातही पल्ली म्हणजे पाडा. सिरोंचेकर म्हणाले, तो आमच्याकडून नेलेला. बाबूजींनी पावती मागितली. रंगमंचावर तेव्हा नायिका विष घेत होती. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मागे वळून विचारले, "मायबाप, मरते की वाचते ते तरी पाहू द्या ना." तेवढ्यात कोणी तरी आठवण दिली, की संस्कृतात पल्ली म्हणजे पालही होते. दोघेही एकदम त्याच्यावर तुटून पडले. नाटक संपले, मंडप रिकामा झाला, तरी दोघे बोलतच होते. आता दर हंगामात ते एकमेकांना शेजारची जागा राखून ठेवतात. नायिका वाचली की मेली हे दोघांनाही ठाऊक नाही.

शेवटची हकीकत दवाखान्याची. गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळीने बाबूजींच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, रिक्षात घालून एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, तासभर झोपवून ठेवले आणि जाताना म्हणाले, "आता सगळे ॲलर्जी म्हणतात. आमचे मास्तर याला इडिओसिंक्रसी म्हणायचे. औषध तेच, हजारांना चालतं, एखाद्याच्याच अंगाला नडतं." सुजलेल्या ओठांतून बाबूजींनी पेन मागितले. काकूंना वाटले, मृत्युपत्र.

घरी येऊन खाटेवर पडल्या पडल्या तपास सुरू झाला. ॲलर्जी हे पोर अलीकडचे, १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टराने घडवलेले. ते बाजूला पडले. इडिओसिंक्रसी ग्रीक निघाली: 'इडिओस' म्हणजे ज्याचे त्याचे, 'सिन' म्हणजे एकत्र, 'क्रासिस' म्हणजे मिश्रण. ग्रीक वैद्यांच्या मते शरीरात चार रस, आणि प्रत्येकात त्यांचे प्रमाण वेगळे. ते ज्याचे त्याचे मिश्रण म्हणजे माणसाची प्रकृती आणि त्याच्या तऱ्हा. पुढे नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकने गॅलनचे ग्रंथ अरबीत आणले, तेव्हा या मिश्रणाला शब्द योजला 'मिजाज'. हकीम तो घेऊन हिंदुस्थानात आले, दख्खनमध्ये उतरले. आणि मराठीत त्याची झाली 'मिजास'.

बाबूजी खाटेवर उठून बसले. आयुष्यभर चहा गार झाला म्हणून परत पाठवणाऱ्या, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवणाऱ्या या माणसाला काकू एकच वाक्य ऐकवत आल्या होत्या: "मिजास लय हाय तुमची." ते म्हणाले, "अवो, तू मला इतकी वर्षं ग्रीक वैद्यकातलं निदान सांगत होतीस!" काकू म्हणाल्या, "मंग? औषध तेवढं बाकी होतं."

टपरीवर हे सगळे सांगून झाल्यावर कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनी हळूच खडा टाकला: इडिओसमधूनच 'इडियट' निघाला. टपरी श्वास रोखून बसली. बाबूजी काही न बोलता उठले. दुसऱ्या दिवशी आले ते नेहमीपेक्षा ताठ. म्हणाले, "पाहिलं. ग्रीकांत 'इडिओटेस' म्हणजे खासगी माणूस. ज्याच्याकडे सरकारी पद नाही असा. माझं पेन्शन सुरू आहे. शब्द अगदी बरोबर आहे. सर, तुम्हाला मात्र अजून दोन वर्षं थांबावं लागेल."

डॉक्टरांनी बजावले होते, की या गोळीचे नाव एका कागदावर लिहून तो कायम खिशात ठेवा. कुठेही दवाखान्यात गेलात तर आधी तो दाखवा. बाबूजींनी कागदाचे काम मनावर घेतले. पुठ्ठ्यावर, सुवाच्य अक्षरात, वरून खाली: ग्रीक, अरबी, फारसी, मराठी, इडिओस, क्रासिस, मिजाज, मिजास, बाजूला बाण, खाली सन. वर प्लास्टिकही चढवून घेतले. टपरीवर तो हातोहात फिरला, वाखाणला गेला. फक्त गोळीचे नाव त्यात नव्हते. ते मागच्या बाजूला आहे. प्लास्टिक चढण्याआधी काकूंनी लिहिलेले.